खळ्यातली सूर्यमाला

राणीसावरगाव, ता. गंगाखेड
१२ डिसेंबर १९८५

चिरंजीव महालिंग यास वीरुपाक्षाचा आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. तिकडेही असतील असं धरून चालतो, कारण पाच वर्षांत तू कळवलं नाहीस आणि मी विचारलं नाही. पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. ओळखूनही उघडलं असशील तर पुढं वाच. न उघडता चुलीत घातलं असशील तर तुझ्या कस्तुराची एखादी भाकर त्यावर भाजेल, तेवढंच माझ्या हातून पुण्य.

आता कामाचं. आपल्या गावच्या शाळेला दिनकरराव नावाचे नवे हेडमास्तर आलेत. माणूस काडीसारखा, पण उत्साह दांडगा. येत्या फाल्गुनात शेपटीचा तारा दिसणार आहे, शहात्तर वर्षांनी, हे तुला मी सांगायला नको. आपला बाप लहान असताना त्यानं तो पाहिला होता आणि मरेपर्यंत सांगत होता. तर दिनकररावांनी ठरवलंय की त्या निमित्तानं गावाला आभाळाची माहिती द्यायची आणि माझा खळ्याचा सिद्धांत मी स्वतः सांगायचा. सात पिढ्यांत आपल्या घरातल्या कुणाला भाषण कर म्हणून कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, करतो, पण अध्यक्ष म्हणून माझा भाऊ पाहिजे, तो चारठाण्याला सायन्सचा मास्तर आहे. बोलण्याच्या भरात बोलून गेलो. त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं. आता मला माघार घेता येत नाही.

सिद्धांत तू विसरला असशील म्हणून थोडक्यात लिहितो. सुरुवातीला काहीच नव्हतं, अंधारात कणसांचा ढीग पडलेला. महादेवानं खळं सारवलं आणि मधोमध तिवडा रोवला. तो खांब म्हणजे सूर्य. तिवड्याला दावं बांधलं, दाव्याला ओळीनं बैल जुंपले. ते ग्रह. बैल फिरले, कणसं मळली, मग वारा सुटला. जड दाणा जवळ पडला, हलकं भूस लांब गेलं. म्हणून जवळचे बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ दगडामातीचे आणि लांबचे गुरू, शनी नुसते फुगलेले. ते फुगलेले आहेत हे तूच मला सांगितलं होतंस, औरंगाबादेहून कॉलेजच्या सुट्टीत आला होतास तेव्हा. मी फक्त त्याला कारण दिलं. आणि शेपटीचा तारा म्हणजे वाऱ्यानं काट्यांच्या कुपाटीबाहेर गेलेला गोंडर, म्हणजे दाणा निघालेलं हलकं भुसकट, वावटळीत सापडून फिरून फिरून खळ्यात येणारा.

पातीत, म्हणजे जुंपलेल्या बैलांच्या ओळीत, तिवड्याजवळ म्हातारा बैल बांधतात आणि सगळ्यात बाहेर जवान खोंड, कारण बाहेरच्याला सगळ्यात लांब पल्ला पळावा लागतो. म्हणून सगळ्यात लांबचा ग्रह सगळ्यात वेगाचा. यावर तुझं माझं गंगाखेडला वाजलं. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन, चार बैल मी स्वतः हाकत नेलेले, सगळा तालुका बघायला लोटलेला, आणि तू परीक्षकाच्या खुर्चीवरून उठून माइकवर म्हणालास की हे सगळं उलटं आहे. लोक हसले. त्याच वेळी एका बैलानं शेण टाकलं आणि लोक आणखी हसले. सख्ख्या भावानं असं करावं, याचं मला वाईट वाटलं. तू न जेवता निघून गेलास. झालं ते एवढंच.

येणार असशील तर कार्ड टाक. येणार नसशील तरी टाक, म्हणजे दिनकररावांना दुसरा अध्यक्ष बघता येईल.

वीरुपाक्ष

ता. क. तुझी वहिनी गौरा म्हणते, माझा आशीर्वाद निराळा लिवा. लिहिला.

———

राणीसावरगाव
४ जानेवारी १९८६

चिरंजीव महालिंग यास आशीर्वाद.

परवा टपाल आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून गौरानं पोस्टमनला बसवून गूळ-शेंगदाणे खाऊ घातले. मी हात धुऊन, चष्मा पुसून पाकीट फोडलं. आत तुझं पत्र नव्हतंच, माझंच पत्र होतं. लाल शाईनं बरबटवलेलं आणि वर कोपऱ्यात गोल करून लिहिलेलं, दहापैकी तीन.

महालिंगा, मी साठीला आलो. निजामाच्या राज्यात उर्दू चौथीपर्यंत शिकलो, पण मास्तरांनी मला कधी तीन गुण दिले नव्हते. पहिल्यांदा असा राग आला की पाकीट घेऊन मी तडक गोठ्यात गेलो. मग तिथंच बसून सगळे शेरे वाचले, पुन्हा वाचले, आणि मला हसू यायला लागलं. तू माझं पत्र ओळ न ओळ वाचलं होतंस. वर्गातल्या पोराची वही बघावी तसं बघितलं होतंस. पाच वर्षांत माझं बोलणं इतकं नीट कुणी ऐकलं नाही. गौरा तर निम्म्यात उठून चुलीकडं जाते.

आता शेऱ्यांबद्दल. ‘तिवडा जळत नाही’ हे मान्य. मी बदल केला. सूर्य म्हणजे तिवडा नव्हे, रास. खळं आटोपल्यावर सगळा माल शेवटी मधोमध रास होऊन पडतो आणि कडेला सांडलवंड उरते, ते ग्रह. ‘ग्रह म्हणजे बैल की दाणे, एक काय ते ठरवा’ यावर मी दोन दिवस विचार केला आणि अजून ठरवलेलं नाही. ‘भूस लांब जातं’ याच्यापुढं तू छोटंसं बरोबरचं चिन्ह केलंस. ते मी दिनकररावांना दाखवलं, लिंबाजीला दाखवलं, पिठाच्या गिरणीत नेऊन दाखवलं.

पण बाहेरचा ग्रह पळतो या वाक्याखाली तू दोन रेघा मारल्यास आणि समासात नुसते आकडे लिहिलेस. बुध अठ्ठ्याऐंशी दिवस. पृथ्वी एक वर्ष. गुरू बारा वर्षं. शनी साडेएकोणतीस. एक शब्द नाही, नुसते आकडे. तुझी ही लहानपणापासूनची खोड आहे, गप्प बसून समोरच्याला हरवायची.

मी ते गौराला वाचून दाखवलं. मला वाटलं, ती माझी बाजू घेईल. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “शनी माझ्या राशीला सा वर्सं झाली बसलाय, हालंना झालाय. पळणारा असता तर यका सुगीत गेला नसता का? तवाबी मी ह्येच म्हनले व्हते.”

खरंच म्हणाली होती. गंगाखेडला बैल घेऊन निघालो त्या सकाळीच म्हणाली होती. मी म्हणालो होतो, बाईमाणसानं आभाळात पडू नये. घरात शनीची साडेसाती चालू, तेल वाहायला मी स्वतः तिच्याबरोबर जातो, आणि माझ्याच सिद्धांतात शनी खोंडासारखा पळतोय, हे माझ्या ध्यानात आलं नाही. गौराचं तर म्हणणं, आपल्या दोघांचं भांडणही त्यानंच लावून दिलं. शनीवर ढकलता आलं तर बरंच, पण तसं नाही.

तरी मी हार मानलेली नाही. दाव्याला बांधलेले बैल एकाच वेळेला फेरा पुरा करतात, हा खळ्याचा दस्तुर आहे. तू म्हणतोस, आतला अठ्ठ्याऐंशी दिवसांत आणि बाहेरचा तीस वर्षांत. मग दावं कुठं गेलं? याचं उत्तर आकड्यात देता येत नाही.

अध्यक्ष होणार की नाही, ते तू लिहिलं नाहीस.

वीरुपाक्ष

———

राणीसावरगाव
२३ फेब्रुवारी १९८६

महालिंगा,

आशीर्वाद वगैरे खाली लिहितो. आधी हे ऐक.

आज आपल्या काळ्या रानातली टाळकी जवारी मळायला घेतली. तिवड्याला पवळ्या, तो आता म्हातारा झालाय, पण त्याला खळं माहीत आहे. मधे दोन, आणि सगळ्यात बाहेर या वर्षीचा नवा खोंड. लिंबाजी पात हाकत होता. लिंबाजी तुला आठवत असेल, आपलं रान वाट्यानं करतो. त्याचा थोरला नामांतराच्या मोर्चात जाऊन तुरुंगात राहून आला, तेव्हापासून घरात वर्तमानपत्र येतं आणि माझ्यापेक्षा लिंबाजीला जगाची जास्त खबर असते. मी कडेला बसून कणसं आत लोटत होतो.

दहाच्या सुमाराला अंबाडीचं दावं तुटलं. एका ठिकाणी नाही, दोन-तीन ठिकाणी. गेल्या वर्षीचं दावं, मीच म्हणालो होतो, चालेल. चारी बैल सुटे. लिंबाजी धावला, तर मी त्याचा हात धरला. कारण मला दिसलं होतं.

पवळ्या थांबलाच नाही. त्याला कुणी हाकत नव्हतं, दावं नव्हतं, तरी सवयीनं तिवड्याला घसटून फिरत राहिला. त्याचा फेरा तो केवढा, चार पावलं टाकली की झाला. मधले दोघं जरा रेंगाळले, पण फिरत होते. आणि खोंड, ज्याच्या जोरावर मी गंगाखेडला तालुक्यासमोर सिद्धांत मांडला, त्याची मुसकी घसरली होती. तो एक पाऊल टाकी, एक कणीस उचली, चावी, आभाळाकडं बघी, मग दुसरं पाऊल टाकी. मी मोजलं. पवळ्याचे एकोणीस फेरे झाले तेव्हा खोंडाचा एक झाला.

महालिंगा, तुझे आकडे माझ्या खळ्यात चालत होते. बुध, पृथ्वी, गुरू, शनी. मी तिथंच कणसांवर बसलो आणि हसत सुटलो. लिंबाजीनं जवळ येऊन माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला, “मालक, ऊन लागलं का काय?” मी त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि म्हणालो, नीट बघ, तो खोंड शनी आहे. लिंबाजीनं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, शनी लय खायलाय मालक, आता त्याला धरावं लागतंय.

गौरा भाकरी घेऊन आली तर आम्ही दोघं कडेला बसलेलो, बैल मोकळे, खळ्याची दैना. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मी कवापासून सांगायले. शनीला कुनी बांधलंय?”

तर ऐक. ग्रहांना दावं नाही. जो तो आपापल्या चालीनं चालतो, जवळचा लवकर, लांबचा सावकाश. मग त्यांना धरून कोण ठेवतं, कुपाटीबाहेर का जात नाहीत, ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे, तू सांग. पण दावं नाही हे नक्की, आणि मी पाच वर्षं त्या दाव्यासाठी भांडलो.

मी चुकलो होतो. हे तीन शब्द लिहायला मला दुपार लागली.

गौराचं म्हणणं असं की या गोष्टीत आपल्या दोघांचंही काहीतरी आहे. मला तसं काही दिसत नाही. मी बैलांबद्दल लिहितोय.

अनेक आशीर्वाद. कस्तुरालाही.

वीरुपाक्ष

———

राणीसावरगाव
९ मार्च १९८६

चिरंजीव महालिंग यास,

पत्र परत मिळालं. दहापैकी सात. खोंडाच्या परिच्छेदाशेजारी तू ‘उत्तम निरीक्षण’ असं लिहिलंस. तो कागद गौरानं देव्हाऱ्यात शिवलिंगाजवळ ठेवला होता, शिवरात्रीच्या पूजेला. मी काढून परत ट्रंकेत ठेवला, कारण बेलाचं पाणी लागून तुझी शाई फुटली असती.

पण खाली तू एक ओळ लिहिलीस. ‘सगळं आलं. गंगाखेडला तुम्ही शेवटी काय म्हणालात, ते मात्र एकाही पत्रात आलं नाही. त्याचे तीन गुण राखून ठेवले आहेत.’

मला वाटलं होतं, तू ते विसरला असशील. खरं सांगायचं तर, तसं वाटलं नव्हतं. विसरावंस, अशी इच्छा होती.

लिहितो. तू माइकवर बोललास ते आकसानं नव्हतंच, मास्तर म्हणून बोललास, आणि वाईट शब्द एकही वापरला नव्हतास. उलट तू सुरुवातीला म्हणाला होतास की माझ्या थोरल्या भावानं हे स्वतःच्या डोक्यानं काढलंय. ते मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. मग तू म्हणालास, बाहेरचा बैल पळतो पण बाहेरचा ग्रह रेंगाळतो. लोक हसले. ते बैलाला हसले की मला, कोण जाणे. मी तुझ्या हातातून माइक ओढला आणि म्हणालो, ह्याला शिकवलं हीच माझी चूक झाली.

तुझ्या शाळेची पोरं पुढं बसली होती. चारठाण्याहून तू त्यांना एसटीनं घेऊन आला होतास. तू टेबलावरचे कागद गोळा केलेस, घड्या घातल्यास, चष्मा खिशात ठेवलास. ते सगळं तू किती सावकाश केलंस, ते मला अजून दिसतं. गौरानं तुझ्यासाठी पुरणाचा डबा बांधला होता. तो मी परत घरी आणला आणि तिला म्हणालो, महालिंगाला घाई होती.

बाप गेला तेव्हा मी सोळाचा होतो आणि तू चारचा. मी शेतात राहिलो, तू शाळेत गेलास. हे मी कुणासाठी केलं, असं मला कधी वाटलं नव्हतं. तुला औरंगाबादेच्या गाडीत बसवून मी घरी येताना गाणी म्हणत यायचो, हे कुणाला सांगितलेलं नाही. सुट्टीत तू आलास की तू शिकलेलं सगळं मला सांगायचास. तू सांगशील ते मी दुसऱ्या दिवशी रानात कुळवाच्या पाळीला लागल्यावर बैलांना सांगत राहायचो. खळ्याचा सिद्धांत तसाच निघाला. ती एकच गोष्ट होती जी तू मला सांगण्याआधी माझ्या डोक्यातून निघाली. मला बक्षीस नको होतं. मला तुझ्याकडून शाबासकी पाहिजे होती, तालुक्यासमोर. ती मिळाली नाही म्हणून मी तुझ्या वर्मी लागेल ते बोललो, आणि जे बोललो ते साफ खोटं होतं. माझ्या हातून आयुष्यात एक काम चांगलं झालं असेल तर ते तुला शिकवणं.

या पत्राला गुण देऊ नकोस.

कार्यक्रम रविवारी तेवीस तारखेला, दुपारी चार वाजता, आपल्या खळ्यात. मी आता भाषण करणार नाही. माणसं चालणार आहेत. बैल नाहीत, दावं नाही. तू आलास तर बरं वाटेल. अध्यक्ष म्हणून नको येऊ.

तुझा अण्णा

———

राणीसावरगाव
१८ मार्च १९८६

महालिंगा,

तुझ्याकडून काही नाही. दोन दिवस टपालाची गाडीच आली नाही, नामांतराचा बंद होता म्हणे. मग आली, तर त्यात खताच्या सोसायटीची नोटीस होती. पोस्टमन आता आमच्या दारावरून जरा लांबून जातो.

काल पहाटे आम्ही शेपटीचा तारा पाहिला. दिनकररावांनी अर्ध्या गावाला उठवून माळावर नेलं होतं. दक्षिणेकडं, लिंबाच्या शेंड्याच्या वर, पाट्यावर पिठाचं बोट पुसावं एवढा डाग. बाप सांगायचा की त्याच्या वेळी शेपूट आभाळभर होती. एकतर तारा म्हातारा झाला किंवा बाप थापा मारायचा. गौरा पदर गुंडाळून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ह्याच्यासाठी उठवलंव व्हय. पण घरी येईपर्यंत तिनं तीनदा मागं वळून पाहिलं.

कार्यक्रमाची जाहिरात शाळेच्या भिंतीवर झाली आहे. त्या भिंतीवर आधी ‘नामांतर झालेच पाहिजे’ असं मोठ्या निळ्या अक्षरात होतं. दिनकररावांनी ते न पुसता त्याच्या खाली जागा होती तिथं लिहिलं, ‘सूर्यमाला, रविवारी, पायताण बाहेर काढावे.’ लोक दोन्ही वाचतात.

ग्रह वाटून झाले. लिंबाजी गुरू. बुध स्वतः दिनकरराव, कारण एवढं पळणं दुसऱ्या कुणाला जमणार नाही. गौरा शनी. तिनं स्वतः मागून घेतला, म्हणाली, सा वर्सं सोसलाय, चाल मला ठावं हाय. मेंढरावाला भुजंग शेपटीचा तारा. शुक्र, मंगळ शाळेतली दोन पोरं. पृथ्वी मी.

बाकी सगळं ठीक. गंगाखेडहून गाडी साडेतीनला येते. हे सहज लिहिलं.

अण्णा

———

राणीसावरगाव
२४ मार्च १९८६

चिरंजीव महालिंग यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सकाळच्या गाडीनं गेलास. गाडी फाट्यावरून वळेपर्यंत मी उभा होतो, मग घरी आलो, आणि गौरा म्हणते, आता कशाला लिवायलाव, कालच तर व्हते. पण कालचं सगळं तुला कुठं दिसलं? तू फिरत होतास.

साडेतीनची गाडी आली आणि गेली. तू उतरल्याचं कुणी सांगितलं नाही. मी दिनकररावांना म्हणालो, चालू करा. मधोमध जवारीची रास, गौरानं तिला हळद-कुंकू वाहिलेलं. सगळं गाव कडेनं बसलेलं, पायताणांचा ढीग कुपाटीशी. दिनकरराव धोतर खोचून राशीभोवती पळायला लागले. लिंबाजी संथ चालीनं निघाला, डोक्याला नवा फेटा, बारा वर्षांचा गुरू. आणि सगळ्यात बाहेरून गौरा. एक पाऊल टाकायची, थांबायची, बायकांशी दोन शब्द बोलायची, मग दुसरं पाऊल. सगुणाबाईनं तिला विचारलं, कवा पोचनार गं. ती म्हणाली, “तीस वर्सांनी. बसा तंवर.” बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

मग भुजंग शिरला. डोक्याचा लाल पटका सोडून मागं धरलेला, तीच शेपटी. सुसाट राशीपाशी आला, वळसा घातला आणि तसाच शेपटी मागं ओढत बाहेर निघाला. तेवढ्यात कुपाटीकडून आवाज आला, “भुजंगराव, शेपटी कायम सूर्याच्या उलट बाजूला पाहिजे. बाहेर जाताना ती पुढं.”

मी न बघता आवाज ओळखला. भुजंगानं मात्र काही न विचारता पटका पुढं धरला आणि डोळ्यांवर येणाऱ्या पटक्यातून वाट शोधत धडपडत बाहेर गेला. इतकं हसलेलं गाव मी पाहिलेलं नाही, आणि या वेळी कोण कुणाला हसतंय याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

तू कुपाटीशी उभा होतास. चपला काढून हातात धरलेल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. गाडीच्या वाटेनं न येता रानातून आला होतास ना, चिखलावरून कळलं. म्हणजे साडेतीनलाच उतरला होतास आणि पाटाच्या कडेला बसून राहिला होतास, यावं की न यावं म्हणून. हे तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. तू म्हणालास, “अण्णा, मी कुठं चालू?”

एक गोष्ट आता कबूल करतो. दिनकररावांनी आठ दिवस माझ्यामागं लकडा लावला होता की चंद्र कुणाला द्यायचा. हौशी पाच-सहा जण तयार होते. मी कुणालाच दिला नव्हता. तुला म्हणालो, चंद्र तेवढा राहिलाय, माझ्याभोवती फिरावं लागेल.

दिनकरराव धापा टाकत ओरडले की सर, नुसते गोल चाला, जमेल तसं. तू चपला खाली ठेवल्यास आणि म्हणालास, “चंद्राची एकच बाजू पृथ्वीला दिसते. करायचं तर नीट करायचं.” आणि तू माझ्याकडं तोंड करून, आडवी पावलं टाकत, माझ्याभोवती फिरायला लागलास. मी पुढं चाललो की तुलाही पुढं सरकावं लागे, त्यात फेराही घ्यावा लागे. अठ्ठेचाळीस वर्षांचा मास्तर, चष्मा नाकावर घसरलेला, भुश्शात पाय रुतायलेले, आणि काही केल्या नजर माझ्यावरून हलवायची नाही, कारण नियम आहे. लिंबाजी चालायचं सोडून बघत उभा राहिला. गौरा तर थांबलेलीच होती, तिला थांबायची मुभाच होती.

पाच वर्षांनी मी तुला एवढ्या जवळून बघत होतो. तुझे कानाजवळचे केस पांढरे झालेत. खालचा एक दात गेलाय, हे मला कुणी कळवलं नव्हतं. हसताना तू अजून बापासारखा डावा डोळा बारीक करतोस. मी चालता चालता सगळं बघून घेतलं, माझी दोन वर्षं तिथंच झाली असतील.

तिसऱ्या फेऱ्याला मी हळूच म्हणालो, महालिंगा, तुला शिकवलं ते चांगलं केलं. पत्रात लिहिलं होतं, पण तोंडानं म्हणायचं राहिलं होतं. दम लागला होता म्हणून शब्द अर्धेच निघाले. तुला ऐकू गेलं की नाही, कळेना. तू एवढंच म्हणालास, “अण्णा, बोलू नका, माझं पाऊल चुकायलंय.”

पाऊल कुठंच चुकत नव्हतं. तुझे डोळे भरून आले होते आणि चष्म्याखालून पाणी गालावर येत होतं. सगळं गाव कडेनं बसलेलं. माणूस अशा वेळी डोळे पुसायला मान वळवतो. तू वळवली नाहीस. तसाच माझ्याकडं बघत, आडवी पावलं टाकत, वर्ष पुरं होईपर्यंत माझ्याभोवती फिरत राहिलास.

तुझा अण्णा